ग्रोसविकची चतुःसीमा

त्या गुरुवारी सकाळी बेटावरच्या ग्रोसविक गावात जहाज आलं आहे की नाही, यावरच एकमत होत नव्हतं. भोंगा वाजला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. पण खाडीच्या जागी नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यामागे खरंच दीड हजार माणसांचं जहाज उभं आहे, की कुणी नुसता भोंगा घेऊन होडीत बसलंय, हे धक्क्यावर जाऊनही कळायला मार्ग नव्हता.

"भोंगा माझ्याकडेही आहे," शेजारचा रास्मुस म्हणाला. तो आपल्या दारात कॉफी पीत उभा होता आणि मिक्याल आपल्या दारात पिवळ्या जाकिटाची चेन लावत होता. दोघांत आठ पावलांचं अंतर. पण धुक्यामुळे मिक्यालला रास्मुसचा फक्त कप दिसत होता. "नुसत्या भोंग्यावर विश्वास ठेवून मी काही घराबाहेर पडणार नाही."

"तुला बोलावलंय कुणी?"

"तेच म्हणतोय. मला का बोलावलं नसेल, याचाच मी विचार करतोय," कप म्हणाला.

मिक्याल हा मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं जर्मन पत्रव्यवहार सांभाळून निवृत्त झालेला कारकून. निवृत्तीनंतर माणसाने काय करावं याबद्दल ग्रोसविकमध्ये दोनच मतं आहेत. मेंढ्या पाळाव्यात, नाहीतर मरावं. मिक्यालने तिसरीच वाट काढली. तो गाईड झाला. राजधानीत जाऊन त्याने चार शनिवारांचा वर्ग केला, परीक्षा दिली आणि फोटो असलेला बिल्ला मिळवला. फोटोत तो नुकताच पकडल्यासारखा दिसत होता, पण बिल्ला अधिकृत होता. मग त्याने पालिकेला एकामागून एक अकरा पत्रं लिहिली, पालिकेने जहाज कंपनीला लिहिलं, आणि कंपनीने कळवलं की यंदा एकदा येऊन बघतो, प्रवाशांना आवडलं तर पुढच्या उन्हाळ्यात सहा वेळा येऊ.

गावच्या सभेत रास्मुसने याला विरोध केला होता. परक्या माणसांनी फार वेळ पाहिलं की मेंढ्यांची लोकर झडते, असं त्याचं म्हणणं. ते त्याला सिद्ध करता येईना आणि इतरांना खोडता येईना, म्हणून ते इतिवृत्तात लिहून घेण्यात आलं. शिवाय पालिकेची चिटणीस रान्वा ही मिक्यालच्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, याकडेही त्याने सभेचं लक्ष वेधलं. सभेतले निम्मे लोक रान्वाचे कुणी ना कुणी लागत असल्यामुळे ते लक्ष फार वेळ टिकलं नाही. पण तेव्हापासून मिक्यालला वाटू लागलं, की गाव आपल्याकडे पाहताना जरा डोळे बारीक करतं. या एका दिवसाने सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. गेला महिनाभर तो घराबाहेर न पडता आरशासमोर उभा राहून जर्मन बोलत होता.

आणि आता हे धुकं.

सकाळी सातलाच त्याने रान्वाला फोन केला होता. सहलीच्या पत्रकात तीन थांबे ठरलेले होते: पर्वतदर्शन, पक्ष्यांचा कडा आणि धबधबा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. त्याला ते तिन्ही बदलून सगळ्यांना सरळ सभागृहात कॉफीला न्यायचं होतं.

"मार्गात बदल करायचा तर अठ्ठेचाळीस तास आधी अर्ज लागतो, मामा," रान्वा म्हणाली.

"अठ्ठेचाळीस तासांपूर्वी धुकं कुठे होतं?"

"म्हणूनच तुझा अर्ज आला नाही. मला समजतंय ते."

"अगं, पण पर्वत दिसत नाहीये."

"पत्रकात पर्वताजवळ दहा मिनिटं थांबावं असं आहे. तो दिसावा असं कुठे आहे? तू थांब. पुढचं पर्वताने बघावं."

बायको मार्युन हिचा सल्ला अधिक व्यवहारी होता. "सांग त्यांना, इथे डोंगर आहे म्हणून. चर्चमध्ये बसून लोक याहून मोठ्या गोष्टी मान्य करतात," ती म्हणाली आणि केकचे डबे घेऊन सभागृहाकडे गेली. मिक्याल मदतीला पुढे झाला, तर तिने डबे दुसऱ्या काखेत घेतले. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

साडेनऊला धुक्यातून एक छोटी होडी निघाली आणि तिच्यातून सव्वीस जर्मन पेन्शनर धक्क्यावर उतरले. म्हणजे जहाज होतं. मिक्यालने विजयी मुद्रेने रास्मुसच्या घराकडे पाहिलं. पण घर दिसत नव्हतं.

मिक्यालचं जर्मन पक्कं होतं. फक्त ते सगळंच्या सगळं मासळीच्या पत्रांतून आलेलं होतं. कॉड, हेरिंग, विलंब, नुकसानभरपाई आणि दिलगिरी या विषयांवर तो जर्मनांनाही मान खाली घालायला लावील असं बोले. बाकीचं जग त्याला त्यातच बसवावं लागे. पहिल्या थांब्यावर बस उभी राहिली तेव्हा त्याने माइक हातात घेतला.

"मान्यवर महोदय आणि महोदया, आपल्या उजव्या बाजूस आठशे मीटर उंचीचा पर्वत विद्यमान आहे. सदर पर्वत हवामानाच्या कारणास्तव आज आपल्या अवलोकनार्थ उपलब्ध होऊ शकत नाही, याबद्दल दिलगिरी असावी."

सव्वीस माथी उजवीकडे वळली. काचेबाहेर दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. दहा मिनिटं थांबायचं होतं, त्यातली चार गेली. मग मागून एक संथ, खणखणीत आवाज आला.

"हा तोच पर्वत आहे का, जो परवा दिसला नव्हता?"

बोलणारे गृहस्थ उंच, सुकलेले आणि अतिशय नीटनेटके होते. नाव हेरमान व्हिटकोप. उत्तर जर्मनीतल्या एका जिल्ह्याच्या भूमापन कचेरीतून मोजणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं ते लोकांच्या जमिनी मोजत होते आणि छत्तीस वर्षं लोक त्यांना खोटं सांगत होते. त्याचा चेहऱ्यावर परिणाम झाला होता.

"मला नीट आकलन झालं नाही," मिक्याल म्हणाला.

"सोपं आहे. मंगळवारी आम्हाला उत्तरेकडच्या बेटावर उतरवलं. म्हणजे तसं सांगण्यात आलं. तिथे पांढरं होतं. आज दुसऱ्या बेटावर उतरवलं असं म्हणता. इथेही पांढरं आहे. तिथे डोंगर उजव्या हाताला होता. तुमचाही उजव्याच हाताला आहे. मंगळवारी मी ज्या सीटवर बसलो, तिच्या पाठीला सात सेंटिमीटरचा चिरा होता." त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीत बोट घातलं. "हा तो चिरा."

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. मिक्याल हसला. असल्या वेळी हसावं असं वर्गात शिकवलं होतं. "महोदय, चिरे सर्वत्र असतात."

"आणि चालक?" व्हिटकोप म्हणाले. "मंगळवारी हाच होता. याच मानेवर हाच तीळ होता."

मिक्याल ड्रायव्हरच्या कानाशी वाकला. ड्रायव्हर रेगिन स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या पांढऱ्याकडे एकटक पाहत होता, जणू गाडी चालूच आहे.

"रेगिन, मंगळवारी तू कुठे होतास?"

"उत्तरेत. मालकाच्या दोनच बस आहेत, त्यातली एक बिघडलीय. जिथे जहाज तिथे मी. बस बोगद्यातून आणतो, बोटीवर चढवतो, येतो."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी?"

मिक्यालने सरळ होऊन हे सगळं प्रामाणिकपणे जर्मनमध्ये सांगितलं आणि ती त्याची मोठी चूक झाली. खरं कारण खोट्या कारणापेक्षा नेहमीच जास्त संशयास्पद वाटतं. पाठीमागच्या जांभळ्या टोपीवाल्या बाई म्हणाल्या की जहाज रात्रभर डुलत होतं खरं, पण डुलणं म्हणजे जाणं नव्हे. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांना लगेच आठवलं, की आजकाल डिझेल फार महाग झालंय. कंपनी जहाज धुक्यात गोल गोल फिरवत ठेवते आणि एकाच बेटावर दोनदा उतरवते, हा सिद्धान्त पर्वतदर्शनाची दहा मिनिटं संपायच्या आत बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचला.

पक्ष्यांच्या कड्यावर पक्षी दिसले नाहीत, पण त्यांचा गलका ऐकू येत होता. मिक्यालला धीर आला. "ऐका," तो म्हणाला. "सदर आवाज सुमारे चाळीस हजार पक्ष्यांचा आहे."

"मंगळवारीही सुमारे चाळीस हजारच म्हणाले होते," व्हिटकोप म्हणाले आणि खिशातली वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं.

"हेरमान, खाली बस," त्यांच्या पत्नी आनेग्रेटबाई म्हणाल्या. त्या मिक्यालकडे वळून हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. आमच्या लग्नात त्यांनी चर्चचा दाखला दोन ठिकाणांहून मागवला होता."

मिक्यालने मात्र मनावर घेतलं होतं. पर्वत नाही म्हटलं असतं तर त्याने सोसलं असतं. पक्षी नाहीत म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ज्या गावात आपण जन्मलो, बाप पुरला आणि पेन्शन घेतो, ते गाव दुसरंच कुठलंतरी गाव आहे असं कुणी तोंडावर म्हणणं, हे मासळीच्या धंद्यातसुद्धा त्याने कधी ऐकलं नव्हतं. कॉडला कुणी कमी प्रतीचा म्हटलं असेल, पण हा कॉड कालचाच कॉड आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

कॉफीला सगळे सभागृहात आले. तिथे उजेड होता, गरम होतं, भिंतीवर जुन्या मुख्याध्यापकांचा फोटो होता आणि टेबलावर रुबार्बचे केक होते. टेबलावर मार्युनने स्वतः कार्ड लिहून ठेवलं होतं: 'ग्रोसविकच्या स्त्रियांनी घरी केलेले'. व्हिटकोपनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि चमचा खाली ठेवला.

"मंगळवारचा," ते म्हणाले.

मिक्यालने मार्युनला कपाटाआड घेतलं. "हा केक तूच केलास ना?"

"केक कसा झालाय ते सांग."

"मार्युन."

"तीस माणसांचा केक घरच्या भट्टीत होतो का? तू महिनाभर आरशासमोर उभा. अंडी आणायची कुणी? बेकरीतून मागवले. सगळीकडे तिथलेच जातात." मग ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आणि तू कधीपासून माझ्यावर संशय घ्यायला लागलास?"

हा प्रश्न बरोबर होता. मिक्याल कधीपासून संशय घ्यायला लागला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण सकाळपासून ज्या ज्या गोष्टीवर त्या म्हाताऱ्याने बोट ठेवलं, ती ती हलत होती.

त्याने व्हिटकोपना दाराबाहेरची पाटी दाखवली. पाटी कुणीही ठोकतो, ते म्हणाले. फोनवरचा नकाशा दाखवला. पडद्यावर चंद्रही दाखवता येतो, पण त्यावर मी सातबारा लिहून देणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. शेवटी मिक्याल त्यांना घेऊन शेजारच्या पालिकेच्या कचेरीत शिरला. रान्वा टेबलावर डबा उघडून जेवत होती.

"रान्वा, हे ग्रोसविक आहे असा एक दाखला दे. शिक्का मारून."

"कशाचा?"

"गाव ग्रोसविक असल्याचा."

रान्वाने घास संपवला आणि मन लावून विचार केला. "रहिवासाचा दाखला आहे. मेंढ्यांच्या कानावरच्या खुणेचा आहे. दारू आणायचा जुना फॉर्म आहे, तो आता चालत नाही. गाव गाव असल्याचा नमुना नाही, मामा. तू अर्ज केलास तर सभेपुढे ठेवीन."

"आणि सभा काय म्हणेल?"

"रास्मुस विरोध करेल."

व्हिटकोपना भाषा कळत नव्हती, पण सरकारी कचेरी कळत होती. त्यांनी रान्वाचं हलणारं डोकं पाहिलं आणि वहीत आणखी एक ओळ लिहिली. तासाभरात जहाजाकडे परतायची वेळ येणार होती. सव्वीस माणसं बोटीवर जाऊन अभिप्रायाचा फॉर्म भरणार, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सहा फेऱ्या धुक्यात जाणार, हे मिक्यालला आता पर्वतापेक्षा स्पष्ट दिसत होतं.

"धबधबा," तो एकदम म्हणाला. "तिसरा थांबा. माझ्या गवताच्या रानाच्या वरच्या अंगाला आहे. त्या वाटेने मी सहा वर्षांचा असल्यापासून जातोय. कृपया माझ्यासमवेत यावे. डोळे मिटून नेतो."

अकरा जण निघाले, बाकीच्यांनी केक पसंत केला. मिक्याल पुढे, व्हिटकोप त्याच्या पाठोपाठ, मग आनेग्रेटबाई, जांभळी टोपी आणि इतर. वाट ओली होती. पाण्याचा आवाज वरून येत होता आणि मिक्यालला बरं वाटत होतं. डावीकडे मोठी धोंड, मग ओहोळ, मग चढ, मग सरळ साठ पावलं. तो मनात मोजत चालला होता. एकेचाळिसाव्या पावलाला त्याचं पोट एका तारेला अडलं.

तिथे कुंपण होतं. नवे खांब, नवी तार, छातीपर्यंत. आणि मिक्यालच्या साठ वर्षांच्या आयुष्यात तिथे कधीच कुंपण नव्हतं.

तो तिथेच उभा राहिला. मागून अकरा जर्मन येऊन थांबले. धुक्यात मेंढी खोकली. मिक्यालला पहिल्यांदा वाटलं की आपण वाट चुकलो. पण चुकायला दुसरी वाटच नव्हती. मग त्याच्या मनात जो विचार आला तो त्याने पुढे कधी कुणाला सांगितला नाही, मार्युनलासुद्धा नाही. पाटी कुणीही ठोकतो. केक बेकरीचा. ड्रायव्हर उत्तरेतला. सकाळपासून रास्मुसचाही फक्त कप दिसला होता, रास्मुस नव्हे. हा म्हातारा छत्तीस वर्षं मोजणी करत होता आणि तो म्हणतो हे ते गाव नाही. समजा, नसलं तर?

"काय झालं?" व्हिटकोपनी शांतपणे विचारलं.

"इथे कुंपण विद्यमान नव्हतं," मिक्याल पुटपुटला.

"अच्छा," व्हिटकोप म्हणाले. त्या एका शब्दात छत्तीस वर्षांचं समाधान होतं.

मिक्यालने तार धरून पलीकडे पाहिलं. दहाएक पावलांवर गवतात काहीतरी करडं होतं. तो तारेखालून सरपटत गेला, त्यात त्याचं पिवळं जाकीट पाठीवर फाटलं, आणि त्याने त्या दगडावर हात फिरवला. दगडावर 'म' कोरलेला होता. आजोबांच्या नावाचा म. त्यांच्या हातचाच, पोट सुटलेला. हा त्यांच्या रानाचा हद्दीचा दगड होता, आणि तो कुंपणाच्या भलत्याच बाजूला होता.

मिक्यालच्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रास्मुस," तो धुक्यात ओरडला.

"काय?" धुकं म्हणालं. रास्मुस तिथेच होता. हातात हातोडी आणि तोंडात खिळे घेऊन तो शेवटच्या खांबाशी उभा होता. मिक्याल महिनाभर घरातून निघत नाही आणि आज तर या धुक्यात पाहुण्यांना घेऊन इथवर चढून येणार नाही, असा त्याचा हिशोब होता.

"हे काय आहे?"

"कुंपण."

"दगडाच्या अलीकडे?"

"दगडाचं मला सांगू नकोस. दगड तुझ्या आजोबाने हलवलाय. लोकर कातरायच्या दिवशी सगळं गाव गोठ्यात असताना. माझ्या आजीने डोळ्यांनी पाहिलं."

"तुझी आजी आंधळी होती."

"नंतर झाली. ते पाहिल्यावर."

तारेपलीकडून व्हिटकोपनी विचारलं, "हे गृहस्थ काय म्हणतात?"

मिक्यालला बिल्ला आठवला. प्रवाशाने विचारलं तर सांगायचं, हा नियम होता. तो वळला आणि श्वास सावरत म्हणाला, "प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, माझ्या दिवंगत आजोबांनी सीमाचिन्हाचे अनधिकृत स्थलांतर केले."

"कोणत्या वर्षी?"

मिक्यालने रास्मुसला विचारलं. रास्मुसने वर्ष सांगितलं आणि पुढे मिक्याल, त्याचे वडील आणि त्यांच्या घरातल्या सगळ्या मेंढ्यांबद्दल आणखी काही सांगितलं.

"एकोणीसशे चौतीस," मिक्याल म्हणाला. "तसेच प्रतिपक्षाच्या मते मी गाढव आहे, आणि सदर बाब आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आलेली आहे."

"त्यावर तुमचं म्हणणं?"

"आमचा आक्षेप आहे."

व्हिटकोपनी वही मिटली. त्यांनी चष्मा पुसला, टोपी बायकोकडे दिली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक गोल चामडी डबी काढली. निवृत्तीनंतरही ते मोजणीची टेप बरोबर बाळगत होते. आनेग्रेटबाईंनी जांभळ्या टोपीकडे पाहिलं आणि दोघी शेजारच्या खडकावर रुमाल पसरून बसल्या, कारण हे लवकर संपणार नव्हतं.

पुढचा पाऊण तास ग्रोसविकच्या त्या उतारावर जे झालं ते पत्रकात नव्हतं. व्हिटकोपनी टेपचं एक टोक मिक्यालच्या हातात दिलं, आणि दुसरं रास्मुसच्या, कारण दोन्ही पक्षांनी हजर राहून मोजणी व्हावी असा कायदा आहे. कुठला कायदा, कुठल्या देशाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. कुंपण दगडापासून अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर आत आलेलं निघालं. रास्मुस म्हणाला टेप जर्मन आहे. मिक्यालने ते भाषांतर करून सांगितलं. व्हिटकोप म्हणाले, मीटर सगळीकडे सारखाच असतो. रास्मुस म्हणाला, हे मिक्याल म्हणतोय की तो म्हणतोय? मग तो घरी जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आला. तिच्यात त्याच्या आजोबांनी पालिकेला लिहिलेलं एकोणीसशे चौतीसचं पत्र होतं, ओलीने डागळलेलं, आणि त्यावर उत्तर आलं नसल्याची त्याच्या वडिलांची टीप होती. त्यावर मिक्याल म्हणाला, उत्तर आलं होतं, ते तुझ्या बापाने शेगडीत घातलं. हे तुला कसं माहीत, असं रास्मुसने विचारलं. माझ्या बापाने खिडकीतून पाहिलं, मिक्याल म्हणाला. म्हणजे तुझा बाप आमच्या खिडकीत यायचा तर, असं रास्मुस सावकाश म्हणाला, आणि तिथून भांडणाला नवीनच फाटा फुटला. अकरा जर्मन गवतात उभे राहून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होते. एका गृहस्थांनी रास्मुसची बाजू घेतली.

खालून जहाजाचा भोंगा वाजला. व्हिटकोपनी टेप गुंडाळली, वहीतल्या पानावर दगड, कुंपण, ओहोळ आणि दिशा दाखवून नकाशा काढला, खाली सही केली आणि ते पान मिक्यालला दिलं. रास्मुसने प्रत मागितली, तीही त्यांनी काढून दिली.

"महाशय," ते मिक्यालला म्हणाले, "मी माझे शब्द मागे घेतो. डोंगर बनवता येतो, पक्षी बनवता येतात. छत्तीस वर्षं मी हद्दीची भांडणं पाहिली आहेत. असं भांडण तयार व्हायला तीन पिढ्या लागतात. कंपनीला हे परवडणार नाही. हे बेट खरं आहे."

फाटक्या जाकिटातल्या मिक्यालने त्यांचा हात हातात घेतला. त्याला बोलायचं होतं, पण मासळीच्या पत्रव्यवहारात या प्रसंगासाठी शब्द नव्हता. "आपला विश्वासू," तो म्हणाला.

पर्वत शेवटपर्यंत दिसला नाही. होडी गेली, भोंगा वाजला, आणि जहाज गेलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी मिक्यालने नकाशा जोडून पालिकेत अर्ज टाकला. कुंपण अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर मागे घ्यावं. तीन आठवड्यांनी रान्वाने दोघांना कचेरीत बोलावलं. मिक्याल कोट घालून गेला. रास्मुस आधीच येऊन बसला होता, त्यानेही कोट घातला होता.

"कंपनीचं पत्र आलंय," रान्वा म्हणाली. "सगळ्या बंदरांत प्रवाशांनी सगळ्यात वरचा शेरा ग्रोसविकला दिलाय. पुढच्या वर्षी सहा नाही, नऊ फेऱ्या."

मिक्यालने रास्मुसकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

"फक्त," रान्वाने कागद उलटला, "त्यांना धबधबा नकोय. त्याऐवजी त्यांनी कार्यक्रमात 'हद्दीचा पारंपरिक वाद' असं छापलंय. दुपारी दोन ते दोन चाळीस. भाषांतरासह."

"ते भांडण खरं आहे," मिक्याल म्हणाला.

"म्हणूनच आवडलं त्यांना, मामा."

"आणि माझा अर्ज?"

"तुझा अर्ज अगदी बरोबर आहे. नकाशासुद्धा सुंदर आहे. तीच तर अडचण झालीय. कुंपण मागे घेतलं तर भांडायला राहतं काय? तेव्हा सभेने असं ठरवलंय, की पुढच्या उन्हाळ्याअखेरपर्यंत कुंपण आहे तिथेच राहावं. सार्वजनिक हितासाठी."

"सभेत विरोध कुणीच केला नाही?"

"मी नाही केला," रास्मुस म्हणाला.

मिक्यालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला उठून निघून जायचं होतं, बिल्ला टेबलावर ठेवायचा होता, आणि जाताना दार आपटायचं होतं. पण नऊ जहाजं त्याच्या डोळ्यांपुढे रांगेत उभी राहिली.

"माझी एक अट आहे," रास्मुस म्हणाला. "मी काय बोलतो ते हा जर्मनमध्ये काय सांगतो, कुणाला माहीत? त्या दिवशी मी याच्या घराण्याबद्दल एवढं बोललो आणि त्या बायका नुसत्या माना हलवत होत्या. याने काहीतरी गोड करून सांगितलं असणार. मला भाषांतर नको. माझं मी बोलेन."

"तुला जर्मन येतं?" रान्वाने विचारलं.

"नाही. शिकेन."

गावात जर्मन शिकवू शकेल असा एकच माणूस होता. पालिकेने आठवड्यातून दोन तास मंजूर केले.

पहिल्या शनिवारी रास्मुस बरोबर अकराला मिक्यालच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. नवी वही, टोक काढलेली पेन्सिल. मार्युनने दोघांपुढे कॉफी ठेवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आधी चोर शिकव," रास्मुस म्हणाला.

मिक्यालने शिकवला. रास्मुसने तो वहीत लिहिला, दोनदा पुटपुटला, मग ताठ बसून मिक्यालकडे बोट रोखून एक अख्खं वाक्य म्हटलं. मिक्यालने डोळे मिटून ते ऐकलं. एकतीस वर्षांत त्याने एकही चुकीचं पत्र कंपनीबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"व्याकरण चुकलं," तो म्हणाला. "मी चोर आहे म्हणतोयस, की मी चोरीला गेलोय म्हणतोयस, ते आधी ठरव. आणि शेवटच्या शब्दावर जरा जोर दे. पुन्हा म्हण."